ढग्या ऐकत नाही

शेल्टरमध्ये परत आलेल्या कुत्र्याच्या फाइलवर कारण लिहावं लागतं. ढग्याच्या आधीच्या घरानं तीन कारणं दिली होती: रात्रभर भुंकतो, पाहुण्यांना दारात अडवतो, हाक मारली तरी येत नाही. वाचून मला हसूच आलं. ग्रेट पिरनीज जातीचं वर्णन करायला मला सांगितलं असतं, तर मीही जवळपास हेच लिहिलं असतं.

फ्रान्स आणि स्पेनच्या मधल्या पिरनीज डोंगरांत ही कुत्री शेकडो वर्षं मेंढ्यांच्या कळपात राहत आली. मेंढ्या वळवणारी कुत्री वेगळी, त्यांचे कान सतत मेंढपाळाच्या शिटीकडे असतात. ही राखणीची. मेंढपाळ झोपलेला, अंधारात लांडगा कुठून येईल याचा नेम नाही, मग हुकमाची वाट कोण बघणार? काय करायचं ते कुत्र्यानंच ठरवायचं. आणि भुंकायचं अशासाठी, की इथे कुणीतरी जागं आहे हे लांबूनच कळलं तर लांडगा बहुतेकदा जवळच येत नाही. थोडक्यात, ज्या कारणांसाठी ढग्याला घराबाहेर काढलं, तेच त्याचं काम. ढग्या तेव्हा अकरा महिन्यांचा होता. वजन 41 किलो, आणि अजून वाढायचा होता.

त्याला दत्तक घ्यायला एक जोडपं आलं, बरोबर आठेक वर्षांचा मुलगा. अर्ज चांगला होता: मोठं आवार, दिवसा कुणीतरी घरात, कुत्रा पाळायचा अनुभव. अनुभव लॅब्रॅडॉरचा होता, तिथे मी जरा सावध झाले. लॅब्रॅडॉर माणसाला खूश करायला टपलेलाच असतो. त्याच्यावर हात बसलेला माणूस पिरनीजसमोर फार लवकर वैतागतो.

झालंही तसंच. अंगणात आल्या आल्या गृहस्थांनी पट्टा हातात घेतला आणि म्हणाले, "बस." ढग्यानं त्यांच्याकडे पाहिलं, मग फाटकाकडे पाहिलं, आणि उभाच राहिला.

"बस! याला काही शिकवलेलं नाही का?"

"शिकवलंय. पटलं तर बसतो."

उत्तर त्यांना आवडलं नाही. बाई मात्र तोवर ढग्याच्या मागे जाऊन वाकून बघत होत्या. "अहो मॅडम, याच्या पायाला काहीतरी झालंय." मी मागच्या पायाचे केस बाजूला करून दाखवले. पंजाच्या वर आतल्या बाजूला दोन जास्तीची बोटं, प्रत्येकाला स्वतंत्र नख. या जातीत हे जन्मजातच असतं. ती नखं जमिनीला टेकत नाहीत, त्यामुळे झिजत नाहीत. वेळेवर कापली नाहीत तर वळून मांसात रुततात. त्यांनी बोट लावून दोन्ही नखं चाचपली, "किती दिवसांनी कापायची?" असं विचारलं आणि फोनमध्ये लिहून घेतलं. ढग्यानं फक्त मान वळवून पाहिलं. मला बाई तिथेच पसंत पडल्या.

"मावशी, हा माझं रक्षण करेल?" मुलानं विचारलं. त्याला मी ऑस्ट्रेलियातल्या मिडल आयलंडची गोष्ट सांगितली. ओहोटी आली की कोल्हे त्या बेटावर जाऊन छोटे पेंग्विन मारायचे. 2006 पासून राखणीला मरेमा कुत्री ठेवली. ती ढग्याच्याच प्रकारची, इटलीतली. तो खूश झाला. मग मी म्हटलं, "पण तुझे मित्र आले आणि मस्तीत एकमेकांना ढकलायला लागलात, तर ही मस्ती आहे हे याला कसं कळायचं? अशा वेळी मोठं माणूस जवळ पाहिजे, नाहीतर हा दाराच्या आत." आई-बाबांनी एकमेकांकडे पाहिलं. हा विचार त्यांनी केलेला नसावा.

तेवढ्यात कुत्र्यांच्या खाण्याची गाडी आली. नेहमीचा माणूस रजेवर होता. नवीनच कुणीतरी खांद्यावर पोतं टाकून, तोंड अर्धं झाकलेलं, थेट अंगणात शिरला. ढग्याची शेपटी गोल होऊन पाठीवर चढली. तो मुलाच्या पुढ्यात जाऊन आडवा उभा राहिला आणि छातीतून भुंकला. अंगावर गेला नाही. भुंकायचा, थांबून माणसाकडे बघायचा, पुन्हा भुंकायचा. गृहस्थ ओरडले, "नो! गप्प!" आणि पट्टा खेचला. पट्टा ताणला तसा आवाज दुप्पट झाला. मालकही घाबरलाय म्हटल्यावर कुत्रं गप्प कसं बसेल? दुसरा पट्टा माझ्याच हातात होता, त्यामुळे मला काळजी नव्हती. मी म्हटलं, "ढील द्या."

बाई तोवर पुढे गेल्या होत्या. "दादा, पोतं तिथेच ठेवा आणि जरा थांबा," म्हणाल्या आणि त्या माणसाशेजारी उभं राहून साध्या आवाजात बोलायला लागल्या. किती पोती आहेत, नेहमीचे कुठे गेले, असंच काहीबाही. ढग्या ऐकत राहिला. शेपटी हळूहळू उतरली. एकदा अर्धवट भुंकला, आणि मग कुणी न सांगता खाली बसला. तोंड मात्र फाटकाकडेच.

"आता बसला!" गृहस्थ म्हणाले, तेही हसत. मला वाटतं, त्यांचं मत तिथे बदललं.

तरी त्या दिवशी मी कुत्रं दिलं नाही. त्यांचं कुंपण कमरेएवढं होतं. ही कुत्री आपली हद्द वाढवत वाढवत निघून जातात, सहा फुटांच्या आत भागत नाही. शिवाय आधी तीन महिने फोस्टर म्हणून, म्हणजे तात्पुरतं सांभाळायला, मग दत्तकाची कागदपत्रं. पहिले काही दिवस कुत्रं भांबावलेलं असतं, त्याचा खरा स्वभाव तीन-चार आठवड्यांनी दिसायला लागतो, आणि पिरनीज पुरता प्रौढ व्हायला दोन वर्षं तरी लागतात. गृहस्थ जरा घुश्शातच गेले. कुंपण मात्र त्यांनी बांधलं.

ढग्या आता कायमचा त्यांच्याकडे आहे. रात्री त्याला घरात घेतात, त्यामुळे भुंकणं बरंच कमी झालंय. पाहुणे आले की बाई आधी फाटकाशी जाऊन त्यांच्याशी बोलतात, मग आत आणतात. हाक मारल्यावर अजूनही तो सवडीनं येतो, असं गृहस्थांनी फोनवर सांगितलं. आणि राखणीच्या कुत्र्यासाठी अर्ज आला, की हल्ली मी त्या लोकांना मुद्दाम खाण्याची गाडी यायच्या वेळी बोलावते.