गेटिसबर्गला दर वेळी का नेते

तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट लिहिते. आम्ही पेनसिल्व्हेनियात हॅरिसबर्गजवळ राहतो, आणि भारतातून कोणी आलं की न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, नायगारा उरकल्यावर एक दिवस मी त्यांना गेटिसबर्गला, अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या मोठ्या लढाईच्या रणांगणावर नेते, पाऊण-एक तासाचा ड्राइव्ह आहे. परत येताना गाडीत तोच प्रश्न असतो, काकांपासून मैत्रिणीच्या मुलांपर्यंत सगळ्यांचा: छान आहे गं, पण शेतं, कुंपणं, तोफा आणि पुतळे, एवढंच तर आहे, दर वेळी इथेच का आणतेस?

कारण ते रान आपोआप तसं राहिलेलं नाहीये. दीडशे वर्षं कोणी ना कोणी त्याच्यासाठी भांडलंय म्हणून ते आज तसं दिसतं, आणि मला ते भांडणच दाखवायचं असतं.

लढाई झाली १ ते ३ जुलै १८६३ला. गुलामगिरीवरून देशातून फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांचा सेनापती रॉबर्ट ली सैन्य घेऊन उत्तरेत शिरला होता आणि समोर उत्तरेचा जॉर्ज मीड. तीन दिवसांत दोन्हीकडचे मेलेले, जखमी, पकडलेले, बेपत्ता मिळून अंदाजे ५१ हजार माणसं, आणि गावाची वस्ती होती जेमतेम २४००, म्हणजे सैन्यं निघून गेल्यावर हे सगळं त्या २४०० लोकांच्या अंगावर पडलं. लिडिया लीस्टर नावाच्या एका विधवा बाईंच्या दोन खोल्यांच्या घरात मीडचं मुख्य ठाणं होतं, त्या परत आल्या तर अंगणात घोडे मरून पडलेले, झऱ्याचं पाणी नासलेलं, गहू तुडवलेला. ते घर अजून आहे, मी सगळ्यांना आधी तिथे उभं करते.

मग तिथे मेलेल्या सैनिकांची राष्ट्रीय स्मशानभूमी. १९ नोव्हेंबर १८६३ला तिच्या अर्पण समारंभात अध्यक्ष लिंकन दोनेक मिनिटं बोलले, ते भाषण बहुतेकांना माहीत असतं. पण उथळ पुरलेली प्रेतं उकरून, पेट्यांत ठेवून तिथे आणायचं काम कोणी केलं, तर बेसिल बिग्ज नावाच्या गावातल्याच एका काळ्या शेतकऱ्याने आणि त्याच्या हाताखालच्या माणसांनी. उत्तरेच्या साडेतीन हजारांहून जास्त सैनिकांच्या कबरी आहेत तिथे.

जमीन राखायची कल्पना कोणा मोठ्या सरकारी माणसाची नव्हती. डेव्हिड मॅकॉनही हा गावातला वकील, त्याने लढाईला दोन महिने व्हायच्या आतच टेकड्यांवरचे तुकडे विकत घ्यायला सुरुवात केली आणि १८६४मध्ये त्यासाठी संस्था उभी केली. मेलेल्यांसाठी स्मशान बांधणं समजू शकतं, पण जिथे लढले ती मातीच तशीच ठेवा, हे त्या काळी सुचणं मला फार मोठं वाटतं.

आणि खरी कसोटी लागली ती ट्रॉलीच्या वेळी. १८९३मध्ये एका कंपनीने पर्यटकांसाठी विजेची ट्रॉली थेट रणांगणातून न्यायला घेतली, डेव्हिल्स डेन नावाच्या मोठमोठ्या खडकांच्या भागात सुरुंग लावून खडक फोडले, सरकार म्हणालं आम्ही ही जमीन ताब्यात घेतो, कंपनी म्हणाली जुनं रणांगण राखणं हा काय सार्वजनिक उपयोग झाला का, आणि खालच्या कोर्टात कंपनीचं म्हणणं टिकलंही! दरम्यान १८९५मध्ये हे रणांगण राष्ट्रीय पार्क करण्याचा कायदा झाला, तो मांडणारा डॅनियल सिकल्स, उत्तरेचा सेनानी, ज्याचा पाय याच मैदानात गेला होता. आणि १८९६मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की हो, हा सार्वजनिक उपयोगच आहे. ट्रॉली तरी १९१६पर्यंत धावत होती.

पुढेही सुटका नाही. १९७४मध्ये शेजारच्या खासगी जागेत तीनशे फुटांहून उंच टॉवर उभा राहिला, राज्य सरकार त्याच्याविरुद्ध कोर्टात जाऊन हरलं, आणि शेवटी ३ जुलै २०००ला नॅशनल पार्कवाल्यांनी तो पाडला. नंतर वाढलेली झाडंही तोडली त्यांनी, शेकडो एकरांवरची, १८६३ला जिथून जे दिसत होतं ते दिसावं म्हणून. झाडं तोडली म्हटल्यावर मलाही आधी वाईट वाटलं होतं. पण सेमेटरी रिजवर, म्हणजे उत्तरेचं सैन्य जिथे होतं त्या उंचवट्यावर उभं राहून पश्चिमेला बघा, शेवटच्या दिवशी पिकेटच्या हल्ल्यात (पिकेट हा लीच्या हाताखालचा सेनानी) दक्षिणेची बारा हजारांच्या आसपास माणसं त्या जवळजवळ मैलभर मोकळ्या शेतातून तोफांसमोर चालत आली, ते वाचून कळत नाही, तिथे उभं राहिल्यावर पोटात कळतं.

तिथेच एक छोटं पांढरं घर आहे, अब्राहम ब्रायनचं. तो स्वतंत्र काळा शेतकरी होता, १२ एकर जमीन होती, आणि लीचं सैन्य येतंय कळल्यावर बायकोमुलांना घेऊन पळाला, कारण ते सैन्य वाटेत सापडलेल्या काळ्या माणसांना, जन्मापासून स्वतंत्र असलेल्यांनासुद्धा, पकडून गुलामगिरीत पाठवत होतं. हे माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि कितीतरी वर्षं हेच सांगितलं गेलं नाही. १९१३ला पन्नास वर्षं झाली म्हणून दोन्हीकडचे पन्नास हजारांहून जास्त म्हातारे सैनिक इथे जमले, पिकेटचा हल्ला जिथे येऊन थडकला त्या दगडी भिंतीवरून हात मिळवले, अध्यक्ष विल्सन म्हणाले की भांडण आता विसरलं गेलंय, आणि गुलामगिरीचा शब्दही काढला नाही. पार्कात तेराशेच्या वर स्मारकं आहेत, दगडाला तोटा नाही, पण ज्या गोष्टीवरून युद्ध झालं ती शोधावी लागते.

म्हणून हल्ली मी घरी परतण्याआधी लाँग लेनवरच्या लिंकन सेमेटरीला गाडी वळवते. गावातले जे काळे लोक उत्तरेच्या सैन्यात लढले त्यातल्या बहुतेकांना राष्ट्रीय स्मशानात जागा मिळाली नाही, ते इथे आहेत, तीसेक जण. तिथे बस येत नाही, गाइड नसतो. मागच्या ऑक्टोबरात माझ्या सासूबाई तिथे प्रत्येक दगडापाशी थांबून नाव वाचत होत्या, नीट उच्चार जमेना तर मला हाक मारून विचारत होत्या, आणि सगळे दगड होईपर्यंत गाडीत बसल्या नाहीत.