लाटण्यावर बसवलेली क्लच प्लेट

ऑगस्ट २०१९ चा पूर ओसरून आठवडा झाला असेल. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट; त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर चढलं होतं. माझं गॅरेज विश्रामबागेत, म्हणून वाचलं. पण दारात बुडालेल्या गाड्यांची रांग लागली होती आणि क्रेनवाल्यांना फोन करून करून लोक थकले होते.

सांगलीवाडीतल्या एका काकूंचा फोन आला. त्या डबे करतात, मुलगा ओम्नीतून पोचवतो. गाडी चार दिवस पाण्यात होती. इंजिन मीच आधी जागेवर जाऊन सुरू करून दिलं होतं. प्लग काढून सिलिंडरमधलं पाणी उडवलं, ऑइल दोनदा बदललं. आता मुलगा म्हणत होता, "मिस्त्री, गाडी चालू होतीया, पण गिअरच पडंना. नुसता कर्र आवाज येतोय."

जाऊन बघितलं. इंजिन बंद असताना चारही गिअर पडत होते, सुरू केलं की एकही नाही. पेडल तळापर्यंत दाबलं तरी क्लच सुटत नव्हता, म्हणजे इंजिन गिअरबॉक्सपासून वेगळं होत नव्हतं. इंजिनच्या मागची फिरणारी चकती, म्हणजे फ्लायव्हील, आणि तिच्यावरची प्रेशर प्लेट दोन्ही बिडाची. त्यांच्यात दाबून बसलेली क्लच प्लेट ओली राहिली की गंज धरतो आणि प्लेट चिकटून बसते. इंजिन गरम करून बंद करायचं, गिअर टाकून, क्लच आणि ब्रेक दाबून स्टार्टर मारायचा, कधी कधी त्या हिसक्याने प्लेट सुटते. तीनदा मारला. बोळ अरुंद, पुढे शेजाऱ्यांची भिंत. चौथ्यांदा हिंमत केली नाही.

मग गिअर ऑइल बघायला खाली शिरलो. ऑइल भरायचा नट आधी सोडवायचा, सांडायचा नंतर. भरायचा गंजून अडकलेला निघाला आणि खालून सगळं सांडलेलं असलं तर गाडी तिथेच बसते. तो सुटला, मग खालचा ढिला केला. आधी स्वच्छ पाणी आलं, ग्लासभर तरी. पाणी जड, ते तळाला बसलेलं. त्यामागून जे आलं ते जास्त दूध घातलेल्या चहासारखं. काकू दारात उभ्या राहून बघत होत्या. "हे सगळं आत गेलं व्हतं?" एवढंच म्हणाल्या.

गिअरबॉक्स उतरवण्याला पर्याय नव्हता, आणि गाडी गॅरेजला न्यायची सोय नव्हती. गणपती बारा दिवसांवर आले होते, काकूंनी प्रसादाच्या जेवणाच्या ऑर्डरी घेतलेल्या. ठरवलं, इथेच अंगणात उतरवू.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडच्या पोराला घेऊन गेलो. जमीन अजून भुसभुशीत होती. चार स्टँड आणले होते, प्रत्येकाखाली शहाबादी फरशीचा तुकडा घातला. विटांवर गाडी चढवून खाली झोपणारे लोक मी पाहिलेत. वीट फुटते तेव्हा आधी आवाज देत नाही. बॅटरी सोडली. प्रोपेलर, म्हणजे गिअरबॉक्समधून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा, त्याच्या जोडावर छिन्नीने खूण केली, म्हणजे तो होता तसाच परत बसेल, नाहीतर गाडी वेगात थरथरते. क्लच केबल, मीटरची केबल, स्टार्टर, गिअरची जोडणी, मग बेल हाउसिंगचे, म्हणजे गिअरबॉक्स इंजिनला जोडणाऱ्या कवचाचे, बोल्ट. इंजिनखाली जॅक, जॅकखाली लाकडी फळी. ही फळी लक्षात ठेवा.

दुपारी गिअरबॉक्स खाली आला. प्रेशर प्लेट सोडली तरी क्लच प्लेट फ्लायव्हीलला तशीच चिकटलेली! लाकडी ठोकळा लावून कडेकडेने ठोकल्यावर सुटली. फ्लायव्हीलवर तिच्या खाचांची तांबडी नक्षी उमटली होती, बोट फिरवलं की हाताला लागायची.

गिअरबॉक्स खोलायचा की नाही यावर मी बराच वेळ काढला. डिझेल भरलं, एकेक गिअर टाकून शाफ्ट हाताने फिरवला, पान्याची दांडी कानाला लावून बेअरिंग ऐकलं. खरखर नव्हती. चार वेळा डिझेल बदललं, शेवटचं स्वच्छ आलं. खोलला नाही. प्रेशर प्लेट, क्लच प्लेट आणि पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं, पण जाम झालेलं रिलीज बेअरिंग मात्र नवीन घेतलं. गणपती पेठेतली दुकानं अजून चिखल उपसत होती, म्हणून पोराला मिरजेला पाठवलं.

नवी प्लेट बरोबर मध्यावर बसवावी लागते. त्यासाठी डमी शाफ्ट लागतो आणि तो मी गॅरेजवर विसरलो होतो. काकूंनी पुरात फुगलेलं लाटणं आणून दिलं. एक टोक कानशीने घासून फ्लायव्हीलच्या मधल्या बेअरिंगमध्ये बसेल असं केलं, वर इन्सुलेशन टेप गुंडाळून प्लेटच्या भोकाएवढं जाड केलं. प्लेट अशी मध्यात बसली की मलाच बरं वाटलं.

तरीही गिअरबॉक्स बसेना. एक बोटभर फट राहिली आणि तिथेच अडला. टॉप गिअर टाकून मागून शाफ्ट फिरवला, म्हणजे आतले दाते फिरून जुळावेत. नाही. अंधार पडत आला. पोराने लांब बोल्ट उचलला, "दादा, बोल्टनं ओढून घिऊ की." मी त्याचा हात धरला. बोल्टने ओढला की अॅल्युमिनियमचा कान तडकतो, नाहीतर प्लेटचा मधला भाग वाकतो. आणि गिअरबॉक्सचं वजन शाफ्टवर लोंबकळत ठेवायचं नाही, म्हणून आम्ही दोघं तो आलटून पालटून तोलत होतो. हात भरून आले होते.

टॉर्च धरून फट मापली. वर करंगळी जाईना, खाली अंगठा जात होता. मग फळी आठवली. स्टँडखाली फरशी घातली होती, जॅकखाली फक्त फळी, आणि दिवसभरात ती पुराच्या मातीत खचली होती. इंजिनची मागची बाजू तेवढीच खाली वाकलेली. जॅकला दोन-तीन दांड्या मारल्या, फट वरखाली सारखी झाली. पोराने शाफ्ट जरा फिरवला, मी खांद्याने रेटा दिला आणि गिअरबॉक्स खट्कन फ्लश बसला. बोल्ट नुसत्या बोटांनी फिरत आत गेले.

रात्री साडेनऊला गाडी सुरू केली. पहिला पडला, दुसरा पडला, रिव्हर्स पडला. काकूंनी भाकरी आणि झुणका वाढला, आम्ही काळ्या हातांनीच जेवलो.

आठवड्याने ऑइल पुन्हा सांडून बघितलं. किंचित दुधाळ होतंच. परत नवीन भरलं. गणपती झाल्यावर मुलगा गाडी घेऊन आला तेव्हा नट ढिला करून दोन थेंब बोटावर घेतले. पिवळसर, स्वच्छ.