खंड्या मालिका: चोच जमली, शेपटीपाशी घोडं पेंड खातंय

मंडळी, खंड्या पक्ष्याच्या आकाराच्या काचेच्या मण्यांचं काम आता लिहिण्याजोग्या टप्प्यावर आलंय. चोच भट्टीतून शाबूत बाहेर येतेय, माळेत ओवल्यावर टिकतेय आणि मुख्य म्हणजे माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांच्या हातूनही टिकायला लागलीय. शेपटीचं काय चाललंय ते शेवटी सांगते.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी मांडणी एवढीच: छोटा खंड्या, उंची साधारण ३ सेंटिमीटर. काच मऊ, म्हणजे कमी आचेला वितळणारी, १०४ प्रसरणांकाची (तापल्यावर काच किती प्रसरण पावते त्याचा आकडा), इफेत्रे कंपनीच्या कांड्या. टॉर्च प्रोपेन-ऑक्सिजनवर चालणारा, टेबलाला पक्का बसवलेला. मँड्रेल (ज्यावर मणी घडवायचा ती धातूची सळई; ती काढली की मण्यात भोक राहतं) ३.२ मिलिमीटर जाडीचा. गोल मण्यांना मी १.६ किंवा २.४ चाच घेते, पण पक्ष्याला इतकं दाबावं, ओढावं, वळवावं लागतं की बारीक मँड्रेल आचेने वाकतो आणि मणी शेवटी त्यावरून निघावा म्हणून दिलेला मातीचा लेप सुटतो. लेप सुटला की मणी मँड्रेलवर मोकळा फिरायला लागतो. मग चोच कुठे, डोळा कुठे, सगळा आनंद.

भोक उभं ठेवायचं की आडवं, हे मी कागदावर रेखाटतानाच ठरवते. आडवं ठेवलं, म्हणजे एका पंखातून दुसऱ्या पंखात, तर मणी दोऱ्याभोवती फिरायला मोकळा असतो आणि जड बाजू खाली जाते. खंड्याचं डोकं आणि चोच म्हणजे जवळजवळ अर्धा पक्षी. भोक थोडं खाली गेलं, तर गळ्यात घातल्या घातल्या पक्षी शीर्षासन करतो. म्हणून माथ्यातून पोटाखाली उतरणारं उभं भोक. यात चोच कधी डावीकडे वळते, कधी उजवीकडे, पण ते चालतं. खरा खंड्या तरी कुठे सतत समोर बघतो?

आता आचेबद्दल, कारण या सगळ्या प्रकरणाचं मूळ तिथे आहे. धड १५-१६ मिलिमीटर जाड, चोच जेमतेम ३. ज्योतीबाहेर काढल्यावर धड बराच वेळ गरम राहतं, चोच मात्र बघता बघता थंड होते. काच साधारण ५०० अंश सेल्सिअसच्या खाली उतरून ताठ झाली आणि मग तिच्यावर एकदम ज्योत पडली, की ती तडकते. कुठलीही घन वस्तू अंधूक उजेडात साधारण ५२५ अंशांच्या आसपास लालसर दिसायला लागते, म्हणून मी टेबलावरचा दिवा मंद ठेवते. टोकाची लाली गेली, म्हणजे सीमारेषा जवळ आली. तेवढ्यात अख्खा मणी ज्योतीच्या लांबच्या, मवाळ भागातून फिरवून आणायचा. जवळच्या, कडक भागातून अजिबात नाही.

यातून कामाचा क्रम आपोआप ठरतो. आधी धड, मग डोकं, पोटावरचा नारंगी, पाठीचा निळा, पंखांच्या कडा, गळ्याचा पांढरा, डोळे, पाय म्हणून दोन तांबडे ठिपके. जे बारीक आणि बाहेर आलेलं, ते सगळ्यात शेवटी. चोच सगळ्यात शेवटी केली तेव्हा जमली, यात काही जादू नाही. तिच्या मुळाशी मात्र लक्ष द्यावं लागतं. चोच नुसती चिकटवली तर जोडाच्या जागी एक धारदार खाच राहते आणि तडा हमखास तिथूनच सुरू होतो. बारीक, टोकदार ज्योत करून फक्त त्या खाचेवर धरायची. काच आत ओढली जाते, खाच भरते, जोड गोलसर होतो. हे काही सेकंदांचं काम आहे, पण तेवढ्यात टोक मऊ पडून खाली झुकतं. मँड्रेल अर्धा वळसा फिरवून चोच वरच्या बाजूला आणली की तेच वजन तिला सरळ करतं. गुरुत्वाकर्षण हे फुकटचं हत्यार आहे, चिमटा उचलण्याआधी ते वापरावं.

रंगांवर थोडं जास्त लिहिते, कारण खंड्या हा रंगांच्या भांडणाचा पक्षी आहे.

पाठीसाठी अपारदर्शक फिरोजी. हा निळा तांब्यामुळे येतो. ज्योतीत प्रोपेन जास्त झालं, ऑक्सिजन कमी पडला, की पृष्ठभागावर करडी-तांबूस धातूसारखी साय धरते. काही जणांना ती आवडते. खंड्याच्या पाठीवर ती मळासारखी दिसते, म्हणून मी पाठ करताना ऑक्सिजन जरा वर ठेवते आणि ज्योतीचा आवाज ऐकत राहते. फुसफुस वाढली की पुरेसा आहे.

गळ्याला आधी हस्तिदंती काच लावत होते. त्या काचेत गंधक असतं. ते आणि फिरोजीतलं तांबं एकमेकांना भिडलं की दोन रंगांच्या सीमेवर शाई फुटल्यासारखी काळपट रेघ उमटते. गळ्यावर ती नको होती, म्हणून तिथे आता साधा पांढरा. पण पंखाच्या कडेला तीच रेघ हवीशी वाटली. हस्तिदंतीचा केसासारखा बारीक धागा ओढून फिरोजीवर ठेवला, की प्रत्येक पिसाची बाह्यरेषा काच स्वतःच काढते. हाताने काळ्या धाग्याने काढलेली रेघ एवढी नाजूक कधीच येत नाही. धागा मात्र फार वितळू द्यायचा नाही. हस्तिदंती फार नरम, जरा दुर्लक्ष झालं की पसरते आणि पिसांऐवजी डाग मिळतो.

पोटाचा नारंगी गरम असताना नारंगी दिसतच नाही. कॅडमियम-सेलेनियमचे लाल, नारंगी रंग तापले की गडद होतात, लाल तर जवळजवळ काळा वाटतो, आणि थंड होताना मूळ रंगावर येतात. नवशिके इथे घाबरतात, रंग जळला असं समजून आच काढून घेतात आणि मणी कच्चा राहतो. मी आता वर्गात आधी नुसती कांडीच तापवून, बाजूला धरून, रंग परत येताना दाखवते. एकदा बघितलं की भीती जाते.

चोच काळी. पण नेहमीची काळी कांडी ही खरं तर अतिगडद जांभळी असते. पातळ ओढली की उजेडात जांभळेपणा उघडा पडतो. चोचीच्या टोकाला नेमकं तेच होतं. यासाठी दाट काळी वेगळी कांडी मिळते, ती वापरते. मादीची खालची चोच तांबूस असते, तेव्हा अधूनमधून खालून एक तांबडी रेघ देऊन मादीही करते. घेणाऱ्यांपैकी पक्षीनिरीक्षक कोण, ते त्या रेघेवरून लगेच कळतं.

मणी सावकाश थंड करायच्या भट्टीचं वेळापत्रक बदललं. पूर्वी गोल मण्यांचंच वेळापत्रक पक्ष्यांनाही लावत होते. आता ५१५ अंशांवर शेवटचा मणी आत गेल्यापासून दोन तास, मग ताशी ५० अंशांनी ३७० पर्यंत खाली, आणि तिथून भट्टी बंद करून दार न उघडता आपोआप थंड. जाड आणि बारीक भाग एकाच मण्यात असतील तर उतरण सावकाश हवी, कारण बारीक भाग पुढे पळतो आणि जाड मागे राहतो, ताण त्या दोघांच्या मधोमध अडकतो.

हे नुसतं वाचून पटलं नव्हतं, म्हणून जुन्या आणि नव्या वेळापत्रकात एकेक पक्षी पूर्ण पारदर्शक काचेत केला. रंगीत अपारदर्शक मण्यात ताण दिसत नाही, पारदर्शकात दिसतो. ध्रुवीकरण करणाऱ्या फिल्मचे दोन तुकडे एकमेकांना काटकोनात धरायचे, मागे दिवा, मध्ये मणी. ताण नसलेली काच काळोखात राहते, ताण असेल तिथे उजळते. जुन्या वेळापत्रकातल्या पक्ष्याच्या शेपटीच्या मुळाशी पांढरी फटफटीत चंद्रकोर होती. नव्यात तिथे अंधार. शिल्पासारखे मणी करणाऱ्या प्रत्येकाने आपल्या आकाराचा एक पारदर्शक नमुना करून असा बघावा. दहा पानं वाचण्यापेक्षा हे जास्त शिकवतं.

शिकवण्याचं आता.

माझ्या वर्गात पहिल्यांदा पक्षी होत नाही, आणि यावर कुरकुर होते. आधी गोल मणी, दोन्ही भोकांशी नीट खळगा पडलेला, टोकं धारदार नसलेली. मग खुंटी. म्हणजे मण्याच्या एका बाजूला काचेची बारीक खुंटी लावायची आणि विरुद्ध बाजूला ठिपक्यांची नक्षी करत बसायचं. नक्षी कशी झाली हे मी बघतही नाही. खुंटी जिवंत राहिली का, एवढंच. जो नक्षीत रमतो त्याची खुंटी टिचकन आवाज करून उडते. जो दर थोड्या वेळाने न विसरता अख्खा मणी ज्योतीतून फिरवून आणतो, त्याला पक्षी, मासा, हत्ती काहीही जमेल. बाकी सगळं आकाराचं ज्ञान आहे, ते चित्रातूनही मिळतं.

प्रात्यक्षिकात एक बदल केला आणि तो फार उपयोगी पडला. आधी एक पक्षी अजिबात न बोलता करून दाखवते. माणूस बोलायला लागला की बघणारे त्याच्या तोंडाकडे आणि हाताकडे बघतात, काचेच्या रंगाकडे नाही. दुसरा पक्षी बोलत बोलत. समोर बसून बघणाऱ्याला सगळं आरशातल्यासारखं उलटं दिसतं, म्हणून आता शिकणाऱ्यांना दोन्ही बाजूंना, माझ्या खांद्याच्या रेषेत बसवते. डावखुऱ्यांना शक्यतो डावखुऱ्या मदतनिसाच्या शेजारी. तशी व्यक्ती नसेल तर ते समोर बसले तरी चालतं, त्यांना ते उलटं चित्र बरोबर पडतं!

डिडिमियमचा चष्मा सगळ्यांना सक्तीचा. मऊ काचेतल्या सोडियममुळे ज्योतीत पिवळा झगमगाट होतो, ५८९ नॅनोमीटरच्या आसपासचा. हा चष्मा नेमका तेवढाच गाळतो आणि काच दिसायला लागते. बोरोसिलिकेट, म्हणजे जास्त आचेला वितळणारी कडक काच, वापरणाऱ्यांनी यावर विसंबू नये, तिथे प्रखर उजेडासाठी जास्त गडद काच लागते. बाकी सुरक्षेचं तुम्हाला माहीत आहेच: प्रोपेन हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो, गळती तपासायला सांध्यांवर साबणाचं पाणी, ऑक्सिजनच्या जोडणीला तेल-ग्रीस कधीच नाही, हवा बाहेर खेचणारा पंखा चालू, भोकातली माती हिऱ्याच्या रीमरने, म्हणजे भोक घासायच्या बारीक कानशीने, काढताना मणी ओला.

एक गोष्ट मात्र लांबवून सांगते. शिकणारे घरून काच घेऊन येतात. बाटलीची, कुठल्याशा जुन्या दिव्याची. प्रसरणांक जुळत नसेल तर मणी भट्टीतून सुरेख बाहेर येतो, कौतुक होतं, फोटो निघतात आणि काही दिवसांनी डब्यात ठेवलेला आपसूक दुभंगतो. म्हणून वर्गाच्या टेबलावर फक्त एकाच प्रसरणांकाची काच. अनोळखी काचेचे मणी करायचेच असतील तर पूर्ण मणी त्याच एका काचेचा.

वर्ग आणि ऑर्डर यांचा मेळ घालणं हे काचेपेक्षा अवघड आहे. वर्गाच्या आदल्या दिवशी मँड्रेल लेपात बुडवून वाळवणं, धागे ओढून ठेवणं, टॉर्च साफ करणं यात माझं स्वतःचं काम शून्य. भट्टीचंही तेच. वर्गात दार सतत उघडतं, तापमान खाली-वर होतं, कुणाचा तरी मणी शेजारच्याला टेकून चिकटतो. त्या दिवशी मी माझा एकही पक्षी आत ठेवत नाही. ऑर्डरीत कानातल्यांची जोडी मागणाऱ्यांना मी आता सरळ नाही म्हणते. दोन खंड्ये अगदी सारखे करायला लागले की दोन्ही निर्जीव होतात.

नकलेचा प्रश्न वारंवार येतो. माझं मत साधं आहे. जे मी पैसे घेऊन शिकवलं, ते शिकणाऱ्याने करावं, विकावं, दुसऱ्याला दाखवावं. जे मला माझ्यापुरतं ठेवायचंय ते मी वर्गात आणतच नाही. शिकवायचं आणि वर अटी घालायच्या, हे मला पटत नाही. कुणाकडून शिकलात ते सांगितलंत तर बरं वाटतं, इतकंच.

आता शेपटी. अडचण साधी आहे: चोच पुढे, शेपटी मागे. चोचीवर आच धरली की शेपटी ज्योतीच्या बाहेर पडते, शेपटीवर धरली की चोच. आधी शेपटी वेगळी लावत होते, मुळाशी तडे जायचे. सध्या धड करतानाच मागची काच थोडी जास्त ठेवते आणि चपट्या चिमट्याने दाबून त्यातूनच शेपटी काढते. वेगळा जोड नाही, खाच नाही, तडा नाही. पण जाडी ४ मिलिमीटरच्या खाली नेता येत नाही आणि एवढ्या जाड शेपटीचा खंड्या मागून बदक दिसतो. पुढच्या खेपेला मूळ जाडच ठेवून फक्त कडा पातळ करणार आहे, आणि तेही चोच लावल्यावर, शेवटच्या फेरीत, मण्याला मागून पुढे फिरवत. दोन वेगवेगळ्या चिमट्यांची तोंडं घासून तयार करून ठेवली आहेत, एकाला हलका बाक दिलाय. पारदर्शक नमुना आधी करेन, रंगीत नंतर.