समुद्र ओलांडून आलेलं भांडण

प्रशियाच्या (आजच्या जर्मनीतलं तेव्हाचं एक राज्य) राजाने 1817 साली फर्मान काढलं की ल्यूथरन आणि रिफॉर्म्ड या दोन्ही पंथांनी एकत्र यायचं. राजाच्या दृष्टीने सोपी गोष्ट होती, दोघेही प्रोटेस्टंटच, मग वेगळी चूल कशाला? पण प्रभुभोजनाच्या (चर्चमधे भाकरी वाटून खायचा विधी) भाकरीत ख्रिस्ताचं शरीर खरोखर असतं की ती नुसती आठवण, यावर ज्यांची झोप उडायची त्यांना असलं वरून लादलेलं मनोमिलन कसं पटणार. त्यात पूर्व जर्मनीतल्या लुझातिया भागातले वेंड लोक, पक्के ल्यूथरन, म्हणजे चहूबाजूंनी जर्मन आणि मधे हे मूठभर, बोलायचे स्वतःची स्लाव भाषा, म्हणजे धर्माचा हा वाद आणि वर भाषा पण वेगळी, शिवाय जमीन कमी आणि गरिबी भरपूर.

मला यांची आवडलेली गोष्ट म्हणजे यांनी मंडळी (म्हणजे चर्चच्या सभासदांची संघटना) आधी स्थापन केली आणि गाव नंतर शोधलं. मार्च 1854 मधे डौबान गावी जमून मंडळी काढली, यान किलियान नावाच्या पाळकाला, म्हणजे धर्मगुरूला, बोलावणं धाडलं, आणि त्याच वर्षी साडेपाचशेच्या आसपास माणसं लिव्हरपूलहून बेन नेव्हिस जहाजाने टेक्ससला निघाली. सोबत चर्चची घंटासुद्धा! अजून पाय टेकवायला जमीन नाही आणि हे घंटा घेऊन निघालेत. वाटेत कॉलरा झाला, जहाज आयर्लंडला थांबवावं लागलं, सत्तरहून जास्त माणसं गेली. पुढे गॅल्व्हेस्टनला पिवळा ताप वाट बघतच होता. तिथून ह्यूस्टन, आणि मग बैलगाड्या आणि पायी करत आतल्या माळावर, जिथे चार हजार एकरांच्या वर जमीन एकरी एक डॉलरने घेतली होती. तेच सर्बिन, ऑस्टिनच्या पूर्वेला गाडीने साधारण तासाभरावर.

आता एवढं सोसून आलेली माणसं गुण्यागोविंदाने राहतील असं वाटेल ना? चार वर्षं राहिली. 1858 मधे काहींना घरोघरी प्रार्थना-सभा हव्या होत्या, किलियान यांना ते मेथडिस्ट (प्रोटेस्टंटांमधलाच आणखी एक पंथ) वळणाचं वाटत होतं, झालं, एक गट फुटला. ते मिटतंय न मिटतंय तोवर 1870 मधे दुसरी फूट, या वेळी जर्मन की वेंडिश यावरून, आणि फुटलेल्यांनी आपलं वेगळं चर्च थाटलं तेही हाकेच्या अंतरावर. परदेशातल्या कुठल्याही मराठी मंडळाच्या कमिटीवर एखादं वर्ष काढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. मला तर ही माणसं तिथेच जवळची वाटायला लागली. राजाने एकत्र आणलेलं चालत नाही, पण आपलं आपण फुटायचा हक्क पाहिजे!

किलियान यांचं मात्र वाईट वाटतं. उपासना वेंडिशमधे, जर्मनमधे, गरज पडली तर इंग्रजीतही, वर शाळेत पोरांना शिकवायचं, वेंडिशमधे गाणी लिहायची, आणि उरलेल्या वेळात कोण कोणावर रुसलंय ते बघायचं. 1884 मधे ते गेले. त्यांच्यानंतर मुलगा पाळक झाला, म्हणजे दोघं बापलेक मिळून साठ-पासष्ट वर्षं तीच मंडळी.

चर्च आजही आहे, सेंट पॉल. बाहेरून दगडी आणि साधं, आत गेलं की एकदम निळं छत आणि संगमरवरासारखे दिसावेत म्हणून रंगवलेले खांब. पाळकाचं व्यासपीठ खाली नाहीच, वर गॅलरीच्या उंचीवर. टेक्ससमधलं सगळ्यात उंच असं लोक कौतुकाने सांगतात. पूर्वी पुरुष वर गॅलरीत बसायचे आणि बायका-मुलं खाली, त्यामुळे प्रवचन देणारा पुरुषांच्या डोळ्यात डोळे घालून बोलायचा आणि बायकांना मान वर करून ऐकावं लागायचं. (मागे बसून डुलक्या काढायची सोय कोणाला होती हे कळायला फार डोकं लावायला नको.)

हे चर्च 1871 च्या डिसेंबरमधे पुरं झालं आणि त्याच वर्षी रेल्वे सर्बिनला टाळून जवळच्या गिडिंग्जला आली. राजाला जे जमलं नाही ते रेल्वेने केलं, आरामात, कोणाला न दुखावता. दुकानं तिकडे गेली, पोरं तिकडे गेली, बाजाराची भाषा जर्मन तर घरातही जर्मन, आणि नंतर इंग्रजी. गिडिंग्जच्या जर्मन पेपरच्या छापखान्यात वेंडिश अक्षरांचे छपाईचे खिळे होते, अधूनमधून त्यात काहीतरी छापूनही यायचं, तो पेपर 1949 ला बंद पडला. वेंडिश उपासना त्याच्या कितीतरी आधी थांबली होती. फुटलेलं चर्च मधल्या काळात परत येऊन मिळालं. ज्या भाषेवरून भांडले ती बोलणारेच कमी होत गेले म्हटल्यावर भांडणार तरी कशावरून?

दर सप्टेंबरात तिथे वेंडिश फेस्ट भरतो, म्युझियम आहे, ईस्टरची रंगवलेली अंडी आहेत, लग्नात नवरी काळा ड्रेस घालायची त्याचे फोटो आहेत. आणि नूडल्स. अंड्याचे, घरी लाटून बारीक कापलेले, साध्या सूपमधे शिजवलेले. कोणाच्या आजीचे जास्त चांगले व्हायचे यावर तिथे एकमत असेल असं मला अजिबात वाटत नाही.