तुम्ही विचारलंत म्हणून: 'ओप्पा'ला सरळ 'दादा' का लिहीत नाही?

मी कोरियन मालिकांचे मराठी संवाद लिहिते हे कळलं की हमखास येणारा प्रश्न: "त्या 'ओप्पा'ला सरळ 'दादा' का लिहीत नाही? परकं वाटतं." त्याच्या शेजारचा लगेच म्हणतो, "सोलमधली माणसं इतकं मराठी बोलतात, खोटं वाटतं." दोघांनी आधी आपसांत ठरवा, मग मला सांगा.

'ओप्पा' ही मुलीने थोरल्या भावाला मारायची हाक. वयाने मोठ्या मित्राला तीच, प्रियकरालाही तीच. मराठीत ज्याला एकदा 'दादा' म्हटलं, त्याच्याशी पुढच्या भागात प्रेम जुळवून दाखवा. मी एकदा 'अहो' लिहून पाहिलं, तर कॉफीच्या पहिल्या भेटीतच नायिकेचं लग्न लागून गेलं.

तेव्हापासून मी तावातावाने सांगायचे की भाषेचा अस्सलपणा ही हौस आहे. 2019 च्या 'चेर्नोबिल' मालिकेत सोव्हिएत अधिकारी खुशाल ब्रिटिश वळणाचं इंग्रजी बोलतात, उसना रशियन हेल काढायचा नाही असं ठरवूनच. बिघडलं काही? 2024 ची 'शोगुन' ही अमेरिकी मालिका असून बरीचशी जपानीत आहे, मलाही आवडली. पण तेवढा पैसा आणि वेळ आम्हाला कोण देतंय?

मग तो बारावा भाग.

रुग्णालयाचा जिना. नायिका अकरा भाग आपल्या साहेबांशी अदबीने बोलत आलेली. तो दोन पायऱ्या उतरतो आणि ती म्हणते, "काजी मा." माझ्या हातातल्या इंग्रजी संहितेत होतं, 'डोन्ट गो'. मी लिहिलं, "जाऊ नका." शेवटचा 'का' तिच्या उघड्या ओठांवर असा चपखल बसला, की मी स्वतःवरच खूश होऊन तो तुकडा तीनदा पाहिला.

भाग प्रसारित झाल्यावर कोरियन शिकणाऱ्या एका मुलीचा निरोप आला: "ताई, ती तिथे पहिल्यांदाच त्याला 'तू' म्हणते ना?"

अदबीने म्हणायचं तर 'काजी मासेयो'. ती 'काजी मा' म्हणाली, म्हणजे 'जाऊ नकोस'. सगळी मालिका त्या गळलेल्या 'सेयो'साठी ताटकळत होती. इंग्रजीत दोन्हीकडे 'डोन्ट गो'च, तिथे इलाज नाही. आपल्याकडे मात्र हा फरक जसाच्या तसा, घरचाच आहे. आणि मीच तो घालवला.

बचाव आहे माझ्याकडे. आम्हाला इंग्रजीवरूनच लिहायला देतात, मुदत नेहमी कालचीच असते, आणि मला कोरियन येत नाही. पण कानाला हेडफोन होता हो. अकरा भाग वाक्यागणिक 'यो' ऐकत होते. तो नाहीसा झालेला कळायला भाषा यावी लागत नाही.

मग अस्सलपणा ही हौस नव्हेच तर? तसंही मला म्हणवत नाही. 'जाऊ नकोस' ओठांवर बसवून पाहिलं. शेवटच्या 'स'ला दात मिटतात, तिचं तोंड उघडंच राहतं. 'थांब ना' बसतं. पण 'थांब ना' लाडाने म्हणतात, आणि ती तिथे लाडात नव्हती.

'ओप्पा' सध्या 'ओप्पा'च ठेवते. सख्ख्या भावाला 'दादा'. गेल्या महिन्यात एका मालिकेत दत्तक भाऊ आलाय, त्याचं अजून अडलंय.