टेटूची शेंग आणि ताडपत्र : शिश्वांगबान्नातील दाय वैद्यक

चीनच्या शिश्वांगबान्नातील जिंगहोंग शहराच्या सकाळच्या बाजारात हात-दीड हात लांबीच्या, तलवारीसारख्या चपट्या हिरव्या शेंगांचा ढीग दिसला आणि माझे पाऊल तिथेच थांबले. तो टेटू होता. दशमुळांपैकी एक म्हणून ज्याच्या मुळाची साल आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात मिळते, त्याच टेटूच्या कोवळ्या शेंगा इथे भाजी म्हणून विकायला ठेवल्या होत्या. विकणाऱ्या बाईंनी एक शेंग निखाऱ्यावर काळी होईपर्यंत भाजली, करपलेली साल सुरीने खरवडून काढली, आतल्या गराचे काप केले आणि मिरचीच्या ठेच्याबरोबर केळीच्या पानावर माझ्यापुढे ठेवले. कडवट चव जिभेवर बराच वेळ रेंगाळली. मग त्यांनी टोपलीतली एक सुकी शेंग उकलून दाखवली, तेव्हा कांद्याच्या पापुद्र्याइतके पातळ पांढरे पंख असलेल्या बिया माझ्या तळहातावर पसरल्या. चिनी औषधांच्या दुकानांत या बियांना ‘लाकडी फुलपाखरू’ असे नाव आहे आणि खोकल्यावर व बसलेल्या घशावर त्या देतात. दाय लोकांच्या घरी मात्र शेंग ताटात असते आणि झाडाची साल औषधाच्या पुडीत.

चीनच्या युन्नान प्रांताच्या दक्षिण टोकाला, लाओस आणि म्यानमार यांना लागून असलेला शिश्वांगबान्ना हा दाय लोकांचा स्वायत्त जिल्हा आहे. ‘दाय’ हे चिनी नाव झाले. ते स्वतःला ताई ल्यू म्हणवतात आणि त्यांची भाषा थाई व लाओ भाषांच्या जवळची आहे. डिसेंबर 2021 मध्ये चीन-लाओस रेल्वे सुरू झाल्यापासून युन्नानची राजधानी कुनमिंगहून इथे तीन-साडेतीन तासांत पोहोचता येते. पूर्वी या भागाकडे निघणाऱ्याने आधी शवपेटीच्या फळ्या विकत घ्याव्यात, अशी म्हणच युन्नानमध्ये होती, इतका इथला हिवताप भयंकर होता. चीनला हिवतापमुक्त जाहीर केले गेले ते 2021 साली. ज्या रानात ताप दबा धरून बसलेला असे, त्याच रानात तापावरचे औषध शोधत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसांचे हे वैद्यक आहे, हे मनात ठेवले नाही तर त्यातले काहीच नीट उमगत नाही.

मध्य चीनच्या वैद्यकात वर्षाचे चार ऋतू असतात. दाय वैद्य तीनच मानतात : उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा. आमच्या दुभाषी मुलीला वाटले होते की, हे मला समजावून सांगावे लागेल. आमच्याकडेही तीनच, असे मी सांगितल्यावर ती हसून म्हणाली, “मग तुम्हाला पुढचेही समजेल.”

पुढचे समजून घेण्यासाठी ती मला शहराबाहेरच्या एका गावी, एका वृद्ध मोयांच्या घरी घेऊन गेली. ‘मो’ म्हणजे जाणकार आणि ‘या’ म्हणजे औषध. दाय वैद्याला मोया म्हणतात. आजोबा लहानपणी गावच्या विहारात श्रामणेर, म्हणजे बालभिक्खू होते. इथला बौद्ध धर्म थेरवादी असल्यामुळे मुलांनी काही काळ चीवर घालून विहारात राहण्याची रीत होती. तिथेच ती धर्मग्रंथांची जुनी ‘धम्म’ लिपी शिकत आणि त्या लिपीच्या वाटेनेच काहीजण वैद्यकाकडे वळत. औषधांचे ग्रंथ विहारातच असत, काही ताडपत्रांवर, काही झाडाच्या सालीपासून बनवलेल्या कागदावर. ग्रंथाची नक्कल करवून तो विहाराला अर्पण करणे हे पुण्यकर्म मानले जाते आणि त्या अर्पणाला दाय भाषेतही ‘दान’ असाच शब्द आहे.

शरीर कशाचे बनलेले असते, असे मी विचारले तेव्हा आजोबांनी डोळे मिटून, पाठ म्हणावे तसे चार शब्द म्हटले. उच्चार किंचित वेगळे होते, पण दुभाषीची गरज पडली नाही : वायो, तेजो, आपो, पठवी. वायू, तेज, आप, पृथ्वी. हे पालीतले चार धातू. त्यांच्या जोडीला, बौद्ध मताप्रमाणे माणूस ज्यांचा बनतो ते पाच स्कंध, म्हणजे रूप, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान. चिनी ग्रंथांत दाय वैद्यकाच्या या पायाला ‘स्स ता वू युन’ म्हणतात आणि त्यातला ‘ता’ हा धातूच आहे. आयुर्वेदातले पाचवे महाभूत, आकाश, इथे नाही. चारांपैकी एकाचे प्रमाण बिघडले की रोग होतो, आणि त्यांतही वायूच्या विकारांची यादी सर्वांत लांब आहे. कंबर धरणे, सांधे आखडणे, अर्धांगवायू, डोके भणभणणे हे सारे ते वाऱ्याच्या खात्यात टाकतात. वात शब्द न उच्चारता माझी आजी जे बोलत असे, तेच मी परदेशातल्या एका ओसरीवर ऐकत होते, या जाणिवेने मला खरोखर भरून आले.

तरीही या वैद्यकाला आयुर्वेदाची शाखा म्हणणे मला चुकीचे वाटते आणि चिनी वैद्यकाचे एक उपांग मानणेही तितकेच चुकीचे वाटते. शब्द पालीबरोबर आले, ताडपत्रही आले. चिनी भाषेत ताडपत्राला ‘बेइये’ म्हणतात, त्यातला ‘बेइ’ संस्कृत ‘पत्र’ शब्दातूनच आलेला आहे. परंतु त्या पत्रांवर जी झाडे लिहिली गेली ती इथल्या रानातली होती, आणि ती ओळखणारी नजर इथल्याच माणसांची होती. आजोबांच्या कुंपणावर गुळवेलीच्या कुळातली एक वेल चढलेली होती, खोडावर गाठीच गाठी असलेली आणि गुळवेलीहूनही कडू. ती तापावर देतात. शिवाय रोगावर औषध देण्याआधी शरीरातले विष उतरवायचे, हा त्यांचा ‘या-जिए’ विचार स्वतंत्र आहे. अन्नाचे, हवेचे आणि आधी घेतलेल्या औषधांचेही विष त्यात मोजले जाते.

दुसऱ्या दिवशी जिंगहोंगमधल्या रुग्णालयात मी ‘निद्रा-औषधी’ उपचार पाहिला आणि गुडघ्यांसाठी स्वतः घेतलाही. ताज्या मुळ्या, पाने आणि आल्याच्या कुळातले कंद बारीक चिरून मोठ्या लोखंडी कढईत परततात, वर तांदळाच्या दारूचा हबका मारतात आणि वाफाळता चोथा खाटेवरच्या कापडावर पसरतात. रुग्णाने त्यावर निजायचे, अंगावरही तोच चोथा घालायचा आणि कापडात गुंडाळून पडून राहायचे. परिचारिका हाताची पाठ टेकवून उष्णता तपासत होती, जशी आपल्याकडे बाळंतिणीच्या शेकाची तपासतात. दहा मिनिटांत घामाच्या धारा लागल्या. पुढचे दोन दिवस मला जिना चढणे सोपे गेले. ते उष्णतेमुळे की वनस्पतींमुळे, हे एका माणसाच्या अनुभवावरून ठरवता येत नाही आणि ठरवूही नये. पर्यटकांच्या रस्त्यावर मात्र एका दुकानदाराने एकाच मुळीवर मधुमेहापासून कर्करोगापर्यंत सारे बरे होण्याची हमी दिली, तेव्हा संताप आला. जे ज्ञान जपायला हवे, त्याचे याहून मोठे नुकसान दुसरे कुणी करत नसेल.

शिश्वांगबान्नातल्याच मंगलुनच्या वनस्पती उद्यानासाठी एक दिवस पुरत नाही. त्साय शिथाओ या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1959 साली नदीच्या वळणात ते वसवले. आज त्याचा विस्तार सुमारे 1,125 हेक्टर आहे. जखमेतले रक्त थांबवणारी लाल राळ चीन शतकानुशतके समुद्रापलीकडून आणत होता. ती देणाऱ्या झाडांचे रान त्यांनी 1972 साली युन्नानमध्येच शोधून काढले. सर्पगंधेच्या कुळातल्या झुडपांपुढे मी जास्त वेळ उभी राहिले. चीनमध्येही या कुळापासून रक्तदाबाचे औषध बनवले गेले, आणि सर्पगंधेचा रक्तदाबावरील गुण जगाच्या वैद्यकापुढे मांडणारा निबंध 1949 साली लिहिला होता मुंबईच्या डॉ. रुस्तम वकील यांनी.

निघण्याआधी पुन्हा आजोबांकडे गेले. त्यांचा नातू दाय वैद्यक शिकतो, पण चिनी पाठ्यपुस्तकांतून. जुनी लिपी त्याला अडखळत वाचता येते. त्या संध्याकाळी आजोबा ताडपत्राची एकेक ओळ बोट ठेवून वाचत होते आणि नातू ती चिनी अक्षरांत वहीत उतरवत होता. एका वनस्पतीच्या नावापाशी तो थांबला, कारण त्या नावाला चिनी शब्द त्याला सापडेना. आजोबा उठले, परसात गेले, एक डहाळी तोडून आणली आणि त्यातली दोन पाने त्याच्या वहीत, त्या रिकाम्या सोडलेल्या जागेवर ठेवली.