तुम्ही विचारलंत म्हणून: बिकिनीचा आकडा

"मोजलं होतं ना? मग त्या जहाजांवरच्या लोकांना किती किरणोत्सार लागला, एका आकड्यात सांगा की." १९४६ साली अमेरिकेनं प्रशांत महासागरातल्या बिकिनी बेटांपाशी, नांगरून ठेवलेल्या जहाजांवर अणुबाँबच्या चाचण्या केल्या. त्यांवर कुठेही बोलायला गेलो की हा प्रश्न ठरलेला. विचारणाऱ्यांतल्या निम्म्यांना 'फारसं काही नाही' ऐकायचं असतं, उरलेल्यांना 'भयंकर'. मी उत्तर लांबवलं की पहिल्यांना वाटतं, हा अणुविरोधकांना जाऊन मिळाला. दुसऱ्यांना वाटतं, शेवटी हा त्या मोजणाऱ्यांतलाच. म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

त्यांच्यातला मी आहेच. सगळी नोकरी रुग्णालयाच्या किरणोपचार विभागात किरणसुरक्षेचं काम करण्यात गेली. अंगावर किती किरण पडले ते टिपणारे, लोकांच्या छातीवरचे बॅज दर तिमाहीला गोळा करायचे, प्रयोगशाळेत पाठवायचे, आलेले आकडे नोंदवायचे. त्यामुळे तेव्हा बिकिनीत गायगर काउंटर, म्हणजे किरणोत्सार मोजायचं यंत्र, घेऊन फिरणाऱ्यांना कुणी सरसकट मूर्ख किंवा खुनी म्हटलं की माझं डोकं फिरतं. डॉ. स्टॅफर्ड वॉरन त्यांचे प्रमुख. दिवसाला ०.१ रॉंटगेन (किरणं मोजायचं जुनं एकक; ०.१ म्हणजे आजच्या एककात साधारण एक मिलिसिव्हर्ट) ही तेव्हाची मान्य मर्यादा त्यांनी धरली होती. आज आपल्याकडे कामगाराला कुठल्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्टच्या वर जाऊ देत नाहीत. त्या जुन्या मर्यादेत राहून हा पल्ला महिन्याभरात गाठता आला असता. पण आजची फूटपट्टी घेऊन तेव्हाच्या माणसांना झोडपू नये, असं मी पूर्वीही म्हणायचो आणि आजही म्हणतो.

पूर्वी एवढं बोलून झालं की मी आकडा टाकायचो: ३.७ रॉंटगेन. त्या चाचण्यांत कुणाच्याही नावावर फिल्म बॅजवरून (किरणांनी काळवंडणाऱ्या फोटोफिल्मचा बॅज) जमा झालेली सगळ्यात मोठी मात्रा, आणि तीही मोजमाप करणाऱ्यांतल्याच एकाची! सभागृह गार पडायचं. हल्ली मी तो टाकत नाही. आकडा खोटा नाही, पण त्याच्यापुढे लोक ऐकायचंच थांबतात. बेचाळीस हजारांच्या आसपास माणसं तिथे होती, आणि निदान एकदा तरी फिल्म मिळाली ती साधारण १५ टक्क्यांना. बाकीच्यांच्या मात्रा पुढे जहाजांच्या नोंदींवरून गणितानं काढल्या. कुलाब्याला मोजलेल्या पावसावरून सांताक्रूझचा पाऊस सांगण्यातला प्रकार. कधी जमतंही. २६ जुलैला मुंबईत राहणाऱ्या कुणालाही विचारा, कधी जमत नाही ते.

बिकिनीतला तसा दिवस २५ जुलै. पहिला स्फोट, १ जुलैचा, हवेतला होता. त्याची घाण बरीचशी वर निघून गेली आणि दर्यावर्दी मंडळी निर्धास्त झाली. दुसरा, 'बेकर', पाण्याखाली २७ मीटरवर. लगूनचं, म्हणजे बेटांच्या कड्यातल्या उथळ समुद्राचं, लाखो टन पाणी वर उडालं आणि खाली आलं ते किरणोत्सारी धुकं होऊन, नांगरून ठेवलेल्या रिकाम्या जहाजांवर. ती जहाजं आरमाराला परत हवी होती. मग ती धुऊन काढायला नौसैनिक पोरांना डेकवर चढवलं. ब्रश, साबण, कॉस्टिक, पाण्याचे फवारे. पाणी कुठलं? त्याच लगूनचं. लाकडात, गंजात, रंगात, दोरखंडात जे बसलं होतं ते हलेना. डेक दिसायला लख्ख, आणि किरणोत्सार मोजणारा मॉनिटर म्हणतोय, एवढ्याच मिनिटांत उतरा. वर्षानुवर्षं डेक घासून घेणाऱ्या अधिकाऱ्याला हे पटणार कसं? ज्या जहाजांवर ही माणसं जेवत-झोपत होती तीही त्याच पाण्यात उभी. त्यांच्या बुडाला चिकटलेल्या शेवाळात, खाऱ्या पाण्याच्या नळांत, पाणी गोडं करणाऱ्या यंत्रांत किरणोत्सार साठत चालला.

आणि फिल्म काय पाहत होती? मुख्यतः गॅमा, आरपार जाणारे किरण. बाँबमधल्या प्लुटोनियमचे अल्फा कण कागदानंही अडतात, म्हणजे फिल्मच्या वेष्टनाबाहेरच थांबतात. हातातल्या गायगर काउंटरांनाही ते कळत नव्हते. श्वासातून आत गेलेलं काही छातीवरच्या फिल्मला दिसायचं कारण नाही. वॉरन हे सांगत होते, कागद पुढे करत होते, धुणं चालूच होतं. शेवटी त्यांनी चाचण्यांचे प्रमुख ॲडमिरल ब्लँडी यांच्यापुढे एका माशाचं चित्र ठेवलं. लगूनमधला मासा, फोटोच्या फिल्मवर ठेवलेला. यंत्र नाही, उजेड नाही, माशानं आपल्याच किरणोत्सारानं आपली छबी उमटवलेली. १० ऑगस्टला काम थांबलं.

हा मासा माझ्या पोटात अडकून आहे. पंधरा दिवस आमच्या धंद्यातली माणसं आकडे सांगत होती. आकड्यांनी जे झालं नाही ते माशानं केलं. मग मी आयुष्यभर नोंदींमध्ये काय चढवत होतो?

तरुणपणीचा मी इथे मध्ये पडतो: अरे, पण ते थांबले ना? आणि फिल्म नेहमी कमीच दाखवते असं थोडंच आहे! दमट हवेत, उष्णतेत फिल्म आपोआप काळवंडते, आकडा वाढतोही. बरोबर आहे त्याचं.

मी त्याला आमच्या विभागातला एक तंत्रज्ञ दाखवतो. आकडा जास्त आला तर काम बंद करतील, ओव्हरटाइम जाईल, म्हणून तो बॅज ड्रॉवरमध्ये ठेवायचा. हे सगळ्यांना माहीत होतं. तो गेल्यावर त्याच्या मुलीनं मला विचारलं, "काका, बाबांचं रेकॉर्ड चांगलं होतं ना?" चांगलं होतं, मी म्हटलं. रेकॉर्ड खरंच चांगलं होतं.

अमेरिकेनं १९८८ मध्ये आकड्याचा नाद सोडून कायदा केला: चाचणीत होतास आणि यादीतल्या तेरा कर्करोगांपैकी एखादा झाला, तर भरपाई घे, मात्रा सिद्ध करायला नको. पुढे १९९६ साली अभ्यास आला. चाचणीत असलेल्या नौसैनिकांचं एकूण मृत्यूचं प्रमाण तशाच इतर नौसैनिकांपेक्षा ४.६ टक्क्यांनी जास्त निघालं, पण रक्ताचा कर्करोग ठळकपणे वाढलेला दिसला नाही. म्हणजे ज्यावरून किरणोत्साराकडे ठामपणे बोट दाखवता येईल तेच सापडलं नाही. दोन्ही बाजूंनी तो अहवाल माझ्या तोंडावर फेकून झाला आहे.

त्या कायद्याचा मला अजून राग येतो. मोजणाऱ्याला 'राहू दे, तुझ्याशिवाय ठरवतो' असं सांगणारा कायदा आहे तो. पण त्या पंच्याऐंशी टक्क्यांसाठी त्याच्याहून बरं काय करता आलं असतं, हे मला कुणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही. तुम्ही ते विचारत नाही, आकडाच विचारता.